महाडला उतरवलेली चांदी आणि हुपरीची ऐरण



मागच्या महिन्यात आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात एक वाद झाला. वस्तीतली एक मुलगी बी.कॉम. झाली आहे आणि गेले सहा महिने हुपरीजवळ एका कारागिराकडे चांदीचे काम शिकते आहे. तिने स्वतःच्या हाताने घडवलेली पहिली वस्तू दाखवायला आणली होती. साधी अंगठी होती ती, खडा नाही, नक्षी नाही. सगळ्यांनी हातात घेऊन बघितली. तेवढ्यात एक जुने कार्यकर्ते म्हणाले, "पोरी, बाबासाहेबांनी महाडला आपल्या बायाबापड्यांना चांदी उतरवायला सांगितली आणि तू चांदी घडवायला शिकतेस?" दुसरे म्हणाले, "हे सोनाराचे काम. आपल्या पोरांनी एमपीएससी करायची सोडून हातोडी कशाला धरायची?"

मुलगी गप्प बसली. अंगठी तिने रुमालात गुंडाळून ठेवली. खरे सांगायचे तर त्या वेळी मलाही नीट उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते राहिलेले उत्तर आहे.

महाड, इंदूर आणि एकच हुकूम

25 डिसेंबर 1927 रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, हे आपल्या प्रत्येक पोराला पाठ आहे. त्या पुस्तकात दागिन्यांबद्दल काय लिहिले होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी नियम आहेत. त्यांनी गावाबाहेर राहावे, फुटक्या भांड्यात जेवावे, मेलेल्याच्या अंगावरचे कपडे घालावेत आणि त्यांचे दागिने लोखंडाचे असावेत. म्हणजे राहायची जागा, जेवायचे भांडे आणि अंगावरचा कपडा ठरवून झाल्यावर धर्मशास्त्राने अंगावरचा धातूसुद्धा ठरवून टाकला. माणूस दिसताक्षणी त्याची जात कळावी, एवढाच त्यामागचा हेतू.

दहनानंतर दोनच दिवसांनी, 27 डिसेंबरला, बाबासाहेब परिषदेला आलेल्या स्त्रियांशी बोलले. तुमची लुगडे नेसण्याची पद्धत, गळ्यातल्या गळसऱ्यांची गर्दी आणि हातभर घातलेले कथलाचे किंवा चांदीचे जड गोठ-पाटल्या ही तुमच्या अस्पृश्यतेची खूण आहे, ती मोडा, असा त्या बोलण्याचा आशय होता. दागिना घालायचाच तर सोन्याचा घाला, नाहीतर घालू नका, असेही त्यांनी सांगितले. ऐकणाऱ्या बायकांनी लुगड्याची पद्धत बदलली. शेकडो वर्षांची खूण त्यांनी अंगावरून उतरवून ठेवली.

आता पुढची तारीख बघा. 4 जानेवारी 1928. महाडला आठवडाच उलटला होता. इंदूर जिल्ह्यातल्या बलाई या अस्पृश्य जातीवर सवर्ण गावकऱ्यांनी लादलेल्या नियमांची बातमी टाइम्स ऑफ इंडियात आली. हीच बातमी पुढे 1936 मध्ये बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन' या आपल्या न झालेल्या भाषणात वापरली. बलाई पुरुषांनी जरीकाठी पगडी घालायची नाही, रंगीत काठाचे धोतर नेसायचे नाही आणि बलाई बायकांनी सोन्याचा किंवा चांदीचा दागिना घालायचा नाही, असे ते नियम होते. 1930 च्या डिसेंबरात तमिळ मुलखातल्या रामनाडमध्ये कल्लर जातीने आदि-द्रविडांवर आठ बंद्या घातल्या. त्यातली पहिलीच बंदी सोन्या-चांदीच्या दागिन्यांवर होती.

आमच्या जुन्या कार्यकर्त्यांची गफलत इथेच होते. महाडला चांदी उतरवायला सांगितली आणि इंदूरला चांदी घालू दिली नाही. वरवर बघितले तर या दोन उलट गोष्टी वाटतात. नीट बघितले तर हुकूम एकच आहे. तुझ्या अंगावर काय असावे हे आम्ही ठरवणार, हा तो हुकूम. कोकणात त्याने कथील आणि जाड चांदी अंगावर चढवली, माळव्यात तीच चांदी अंगावरून काढून घेतली. बाबासाहेबांचे भांडण त्या हुकमाशी होते. धातूशी त्यांचे काय वैर असणार?

धातूंचीही उतरंड

आपल्याकडे सोने पायात घालत नाहीत. सोने म्हणजे लक्ष्मी, ती पायाला लागता कामा नये, म्हणून गळ्यात-कानात सोने आणि पायात चांदीचे पैंजण, जोडवी, वाळे. ज्याने पुरुषसूक्तातली मांडणी ऐकली आहे, त्याला ही रचना ओळखीची वाटेल. मुखातून ब्राह्मण, पायातून शूद्र. शरीराचे भाग पाडायचे, त्यांना प्रतिष्ठेचे दर लावायचे आणि मग माणसांना आणि धातूंनाही त्या दरात बसवायचे. राजपुतान्यातल्या संस्थानांत तर पायात सोने घालायला राजाची खास परवानगी लागे आणि तो दरबारी मान समजला जाई.

ज्याच्या हातातून हे धातू जात, त्या सोनाराचे काय? तोही या उतरंडीतून सुटला नाही. महाराष्ट्रातल्या सोनारांनी ब्राह्मणांसारखा 'नमस्कार' म्हणू नये, यासाठी पेशवाईत वाद झाले. 1779 साली पेशव्यांच्या तक्रारीवरून मुंबईच्या कंपनी सरकारने तसा मनाई हुकूम काढला. सोने घडवणाऱ्या हाताला हात जोडण्याची रीत नाकारली गेली! ज्यांना वाटते की जातीचा जाच फक्त तळाला होता, त्यांनी हे लक्षात ठेवावे. वरच्याने खालच्याला दाबायचे आणि खालच्याने त्याच्याही खालचा शोधायचा, हीच तर बाबासाहेबांनी सांगितलेली श्रेणीबद्ध विषमता.

पण म्हणून सोनार आणि महार एका पायरीवर होते असे नाही. गावगाड्यात सोनार हा पोतदारही असे. वसुलात आलेला रुपया खरा की खोटा हे तो पारखून देई. आणि सरकारी वसुलाचा भरणा गावातून कसब्याला पोचवण्याचे काम महाराच्या वतनी कामांपैकी एक होते. एकाने चांदी पारखायची, दुसऱ्याने तीच चांदी उन्हापावसात वाहून न्यायची. पारखणाऱ्याकडे कसब होते, म्हणून त्याला वाव होता. वाहणाऱ्याकडे फक्त प्रामाणिकपणा होता आणि त्याचा मोबदला म्हणून शिळी भाकरी होती.

माणगावहून लंडनला

आपल्या कोल्हापूरचा इतिहास इथे कामाला येतो. राजर्षी शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 रोजी पन्नास टक्के जागा राखीव ठेवल्या, ते आपण दरवर्षी सांगतो. 1918 साली त्यांनी महार वतन रद्द केले आणि बलुतेदारीच्या सक्तीतून माणसे मोकळी केली, हे तितक्या जोरात सांगत नाही. जन्माने चिकटलेला धंदा सोडण्याची आणि दुसरा धरण्याची मोकळीक, हा त्या निर्णयाचा गाभा होता. गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढले, तेव्हा महाराज स्वतः तिथे चहा प्यायला गेले. अस्पृश्याच्या हातचा चहा विकला जाऊ शकतो, हे लोकांना पटायला राजाला बाकावर बसावे लागले. धंदा बदलणे ही तेव्हाही साधी गोष्ट नव्हती.

21 आणि 22 मार्च 1920 ला माणगावला अस्पृश्यांची परिषद झाली. बाबासाहेब अध्यक्ष होते आणि शाहू महाराजांनी तिथे जाहीर केले की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. माणगाव आज हातकणंगले तालुक्यात येते. चांदीची नगरी म्हणून देशभर ओळखली जाणारी हुपरीही याच तालुक्यात आहे. त्या परिषदेनंतर चार महिन्यांत, जुलै 1920 मध्ये, बाबासाहेब अपुरे शिक्षण पुरे करायला पुन्हा लंडनला गेले आणि तिथे त्यांनी ज्या विषयावर डी.एस्सी. मिळवली तो विषय होता रुपयाचा. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा त्यांचा ग्रंथ 1923 साली लंडनमध्ये छापून निघाला.

तो रुपया कशाचा होता? चांदीचा. एक तोळा वजनाचा, म्हणजे 180 ग्रेन. त्यात 165 ग्रेन शुद्ध चांदी. 1893 पर्यंत कोणीही चांदी सरकारी टांकसाळीत नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत होता. त्यामुळे तोळाभर चांदीचा दागिना आणि एक रुपया यांच्या किमतीत फार अंतर पडत नसे. जगात चांदीचा भाव 1873 पासून घसरत गेला आणि 26 जून 1893 रोजी सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या. रुपयाची किंमत सरकारने सावरून धरली. चांदीची किंमत कोणी सावरली नाही.

याचा अर्थ एखाद्या शेतमजूर बाईच्या घरात काय झाला असेल, याचा विचार करा. तिला बँक नव्हती. तिची सगळी शिल्लक पायातल्या तोड्यांत आणि हातातल्या गोठांत होती. दुष्काळात तोडा मोडायला सराफाकडे गेली की कालपर्यंत रुपयाच्या जवळपास असलेला तोळा आता बराच कमी भरू लागला. तिने काही खर्च केले नव्हते, काही हरवले नव्हते. कलकत्त्याच्या आणि लंडनच्या कचेऱ्यांत एक निर्णय झाला आणि तिची बचत आटली.

म्हणून मी म्हणतो की बाबासाहेबांना चांदी दोन्ही अंगांनी कळलेली होती. 1923 मध्ये त्यांनी चांदीकडे चलन म्हणून बघितले. 1927 मध्ये तीच चांदी त्यांनी गुलामीची खूण म्हणून बघितली. दोन्ही वेळा त्यांच्यासमोरचा प्रश्न हाच होता की ज्याच्या अंगावर किंवा गाठीला हा धातू आहे, त्याचा त्यावर ताबा किती?

ऐरणीजवळ

आता त्या मुलीकडे येऊ. ती काय शिकते, हे तिने मला नंतर सविस्तर सांगितले. ते लिहितो, कारण हाताच्या कामाला आपण उगाच कमी लेखतो.

पहिले दोन महिने तिच्या हातात चांदी दिलीच नाही. 2025 मध्ये चांदीचा भाव किलोला दीड लाखाच्या पुढे गेला. नवख्याच्या हातात एवढा महाग धातू कोण देईल? तिने तांब्याच्या तारेवर हात बसवला. मग चांदीची तार मिळाली. चांदी ठोकली, ओढली, वाकवली की कडक होते आणि जोर लावला तर तडकते. म्हणून ती मधूनमधून तापवून नरम करावी लागते. किती तापवायची? मंद लाल दिसेपर्यंत. आणि तो मंद लाल रंग उन्हात दिसत नाही, म्हणून तापवण्याचे काम अंधाऱ्या कोपऱ्यात करतात. शुद्ध चांदी 961 अंशांना वितळते. दागिन्याची मिश्र चांदी त्याच्याही आधी ढासळू लागते. पहिल्या आठवड्यात तिच्या तीन अंगठ्यांचे गोळे झाले.

नरम तार गोल कांबीवर वळवायची आणि लाकडी किंवा शिंगाच्या हातोडीने ठोकायची, कारण लोखंडी हातोडीचे वण उठतात. मापाने कापायची. दोन्ही टोके कानशीने अशी सपाट करायची की उजेडाकडे धरल्यावर फटीतून किरण येता कामा नये. जोडावर टाकणखाराचे पाणी लावायचे, डाखाचा बारीक तुकडा ठेवायचा आणि ज्योत फिरवायची. नवखा माणूस ज्योत नेमकी जोडावर धरतो आणि चुकतो. डाख उष्णतेच्या मागे पळतो. सगळी अंगठी सारखी तापली तरच तो फटीत शिरतो, नाहीतर गोळी होऊन एका बाजूला चिकटतो. मग काळी पडलेली अंगठी सौम्य अॅसिडच्या पाण्यात किंवा चिंचेच्या उकळत्या पाण्यात टाकायची. अॅसिड नेहमी पाण्यात ओतायचे, पाणी अॅसिडमध्ये कधीच नाही, हे तिला पहिल्या दिवशी दटावून सांगितले होते.

शेवटी उजाळा. आधी कानस, मग जाडा पॉलिश पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक. प्रत्येक पायरीने आधीच्या पायरीचे ओरखडे काढायचे. एखादी पायरी गाळली तर चमक येते, पण चमकेखाली ओरखडा तसाच राहतो आणि उजेडात दिसतो. मग पोलादी घोटणीने घोटायचे आणि रिठ्याच्या पाण्यात पितळी ब्रशने धुवायचे. एवढे केल्यावर साधी अंगठी तयार होते. तिची मजुरी विचारू नका.

आता सांगा, यात जात कुठे आहे? धातू तापवणाऱ्याची जात विचारतो का? तो फक्त हात आणि नजर बघतो. बाबासाहेबांनी 1936 मध्ये नेमके हेच मांडले होते. जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे, आणि ती माणसाला जन्माच्या धंद्याबाहेर जाऊ देत नाही म्हणून बेकारीही वाढवते. ज्या घरात पिढ्यान् पिढ्या कोणी ऐरणीला हात लावला नाही, त्या घरातली मुलगी ऐरणीवर बसते तेव्हा ती परंपरा चालवत नसते, मोडत असते.

पण डोळे उघडे ठेवून

मात्र कौतुक करून थांबलो तर आपण आंबेडकरवादी कसले? हुपरीत आज हा धंदा सोनार जातीपुरता राहिलेला नाही. हुपरी, रेंदाळ, पट्टणकोडोली, यळगूड अशा गावांत घराघरांत काम चालते. एक जण तार ओढतो, दुसरा कड्या जोडतो, तिसरा झाळतो, चौथा उजाळा देतो. बराचसा कड्या जोडण्याचा किचकट भाग बायका घरी बसून करतात. धंदा जातीच्या कुंपणाबाहेर आला, ही मोठी गोष्ट आहे. पण धंदा खुला झाला म्हणजे मालकी खुली झाली का? चांदी ज्याची, भांडवल ज्याचे, बाजार ज्याच्या ओळखीचा, तो एकीकडे. आणि वजनावर मजुरी घेणारा हात दुसरीकडे. जुन्या वसुलाचा भरणा वाहणाऱ्यासारखाच!

झारेकरी हा शब्द किती जणांना माहीत आहे? सोनाराच्या दुकानातला केर विकत घेऊन, गटारातला गाळ उपसून, तो धुऊन त्यातून सोन्या-चांदीचे कण काढणारी माणसे. एकाच धातूवर एक समाज दुकानात बसून जगला आणि दुसरा त्याच दुकानाच्या गटाराशी उकिडवा बसून जगला. कानशीतून पडणाऱ्या धुळीची सुद्धा मालकी असते. नव्या कारागिराने पहिल्या दिवसापासून हे विचारायला शिकले पाहिजे. चांदी किती वजनाने दिली, किती परत घेतली, घट किती धरली, टंच कोणी काढला, धूळ कोणाची? आणि हे सगळे कागदावर. तोंडी हिशेबात नेहमी गरिबाची चांदी कमी भरते.

सरकारचे काय? 17 सप्टेंबर 2023 ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. 18 धंद्यांत सोनारकाम आहे. प्रशिक्षणात दिवसाला 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 रुपये, पाच टक्के व्याजाने दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज. जातीची अट नाही. पण योजनेचा जाहीर हेतू वाचा. गुरू-शिष्य परंपरा आणि कुटुंबात चालत आलेले कसब बळकट करणे, असे त्यात म्हटले आहे. हे वाचताना मला 1953 चे मद्रास आठवते. राजाजींनी शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी बापाचा धंदा शिकावा अशी योजना आणली होती. पेरियार आणि द्रविड चळवळीने तिला कुलकल्वी, म्हणजे कुळाचे शिक्षण, म्हणून हाणून पाडले. 1954 मध्ये ती मागे घ्यावी लागली. बापाचा धंदा मुलाच्या गळ्यात बांधणारी कोणतीही योजना, तिचे नाव कितीही गोड असो, आपल्याला चालणार नाही.

म्हणून माझे म्हणणे असे. अवजारे घ्या, कर्ज घ्या, कसब घ्या, तो आपला हक्क आहे. कुळ मात्र घेऊ नका. चांभाराच्या मुलीने चांदी शिकावी, सोनाराच्या मुलाने कोल्हापुरी चप्पल शिवावी. 2025 मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने आपल्या चपलेसारखी चप्पल मंचावर आणली, तेव्हा सगळा महाराष्ट्र अभिमानाने चिडला. त्या चिडलेल्यांपैकी किती जणांनी चामडे कमावणाऱ्याच्या घरी पाणी प्यायले आहे? वस्तूला मान आणि हाताला अपमान, ही या देशाची जुनी खोड आहे. चांदीच्या कामाला तो कलंक नाही, चामड्याच्या कामाला आहे. कष्ट दोन्हीकडे सारखेच. हा फरक श्रमाने केलेला नाही, जातीने केला आहे.

एमपीएससी करायची की ऐरण धरायची, हा प्रश्नही चुकीचा आहे. ती मुलगी बी.कॉम. आहे. तिला घट आणि टंच यांचा हिशेब मांडता येतो. 'शिका' हा संदेश फक्त परीक्षेच्या हॉलपुरता कोणी केला? आणि 'संघटित व्हा' हा हुपरीत घरी बसून कड्या जोडणाऱ्या बायकांना लागू नाही का? त्यांची सहकारी सोसायटी निघाली, चांदी त्यांच्या नावावर आली, तर ती कोणत्या अधिकाऱ्याच्या खुर्चीपेक्षा लहान गोष्ट असेल?

महाडला आपल्या आज्यांनी चांदी उतरवली, कारण ती दुसऱ्याने चढवलेली होती. त्यांच्या नातीने स्वतः घडवलेली अंगठी ही त्या चांदीची वारस नाही. ती त्या उतरवण्याची वारस आहे.

पुढच्या रविवारी तिने ती अंगठी पुन्हा आणावी. जुन्या कार्यकर्त्यांनाही मी बोलावले आहे. वाद पुरा करू.

जय भीम! जय शाहू!